फ्रेंच राज्यक्रांती : गिलोटिनखाली गेलेल्या सामान्यांची स्मृती

फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला की १४ जुलै १७८९ रोजी पडलेला बॅस्टिलचा तुरुंग, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही घोषणा आणि गिलोटिनवर शिरच्छेद झालेले राजा सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत यांचे स्मरण प्रथम होते. पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रपटांतून हेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या समोर आले आहे. त्यामुळे गिलोटिनचे पाते प्रामुख्याने राजघराण्यातील आणि उमराव कुळांतील व्यक्तींच्या मानेवर पडले, असा समज सर्वत्र रूढ झाला.

प्रत्यक्षातील नोंदी मात्र वेगळी हकिगत सांगतात. १७९३-९४ या दोन वर्षांत ज्यांना मृत्युदंड देण्यात आला, त्यांत बहुसंख्या शेतकरी, कारागीर, मजूर, दुकानदार, घरगुती नोकर आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची होती. ज्या जनतेच्या नावाने क्रांती झाली, त्याच जनतेतील ही माणसे होती. त्यांची स्मृती कशी टिकली, कोणी टिकवली आणि तिला इतका विलंब का झाला, याचा हा आढावा.

दहशतीचा कालखंड

२१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रिटन, हॉलंड आणि स्पेन हे देशही फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ओढले गेले. ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्याशी युद्ध आधीच सुरू होते. सैन्यासाठी तीन लाख पुरुषांची भरती करण्याचा निर्णय होताच मार्च १७९३ मध्ये पश्चिमेकडील व्हांदे प्रदेशातील शेतकऱ्यांनी बंड केले. पॅरिसमध्ये पावाची टंचाई होती आणि कागदी चलनाचे मूल्य झपाट्याने घसरत होते.

या परिस्थितीत १० मार्च १७९३ रोजी पॅरिस येथे क्रांतिकारी न्यायाधिकरणाची स्थापना करण्यात आली. त्याच्या निर्णयावर अपील नव्हते. १७ सप्टेंबर १७९३ रोजी संशयितांविषयीचा कायदा संमत झाला. या कायद्यान्वये केवळ कृतीच नव्हे, तर वर्तन, संबंध, बोलणे किंवा लेखन यांवरूनही एखाद्यास प्रजासत्ताकाचा शत्रू ठरवता येत असे. संशयितांच्या याद्या तयार करण्याचे काम गावोगावच्या दक्षता समित्यांकडे होते. शेजाऱ्याचा राग, जुने देणेघेणे किंवा मद्यपानाच्या भरात उच्चारलेले एखादे वाक्य यांमुळेही मनुष्य तुरुंगात पोहोचू शकत असे. सुक्याबरोबर ओलेही जळते, या म्हणीचा प्रत्यय त्या काळी फ्रान्समध्ये घरोघरी आला.

आकडे काय सांगतात

या कालखंडातील मृत्युदंडांचा पहिला पद्धतशीर सांख्यिकीय अभ्यास अमेरिकन इतिहासकार डोनाल्ड ग्रीर यांनी केला. तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायालये आणि आयोग यांच्या नोंदींवरून त्यांनी १६,५९४ मृत्युदंडांची मोजदाद केली. ज्यांचा सामाजिक दर्जा ठरवता आला, त्यांत उमराव सुमारे साडेआठ टक्के आणि धर्मोपदेशक सुमारे साडेसहा टक्के होते. उर्वरित सुमारे ८५ टक्के व्यक्ती सामान्य प्रजाजनांपैकी, म्हणजे तत्कालीन परिभाषेत तिसऱ्या वर्गातील होत्या. श्रमिक व कारागीर वर्गाचे प्रमाण सुमारे ३१ टक्के, तर शेतकऱ्यांचे सुमारे २८ टक्के होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे, एकूण लोकसंख्येत उमराव अत्यल्प असल्याने त्यांना बसलेला फटका प्रमाणाने मोठाच होता. दुसरी म्हणजे, निम्म्याहून अधिक मृत्युदंड बंडखोरीने ग्रासलेल्या पश्चिम भागात दिले गेले. पॅरिसचा वाटा सुमारे १६ टक्के होता. खटल्याविना मारले गेलेले आणि तुरुंगात रोगराईने दगावलेले कैदी जमेस धरल्यास मृतांची संख्या ३५ ते ४० हजारांच्या घरात जाते, असा ग्रीर यांचा अंदाज होता.

आरोपांचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. सशस्त्र बंड हा सर्वांत मोठा गट होता. त्याखेरीज खोट्या नोटा बनवणे, धान्याचा साठा करणे, शपथ नाकारणाऱ्या धर्मोपदेशकास घरात आसरा देणे, परदेशी गेलेल्या नातलगाशी पत्रव्यवहार करणे आणि प्रजासत्ताकाविरुद्ध बोलणे, या कारणांनीही माणसांना वधस्तंभाकडे नेण्यात आले.

अखेरचे सात आठवडे

१० जून १७९४ रोजी, क्रांतीच्या नव्या पंचांगानुसार प्रेरियाल महिन्याच्या २२ तारखेस, न्यायाधिकरणाविषयी नवा कायदा संमत झाला. आरोपीचा वकील देण्याचा हक्क काढून घेण्यात आला. साक्षीदार तपासणे बंधनकारक राहिले नाही. ज्यूरी सदस्यांची मनोमन खात्री पुरेशी मानण्यात आली. शिक्षा दोनच उरल्या: निर्दोष सुटका अथवा मृत्यू. त्यापूर्वी मे महिन्यातच प्रांतांतील बहुतेक विशेष न्यायालये बंद करून तेथील खटले पॅरिसकडे वळवण्यात आले होते.

परिणामी १० जून ते २७ जुलै या सुमारे सात आठवड्यांत पॅरिसमध्ये १,३७६ जणांना मृत्युदंड देण्यात आला. न्यायाधिकरणाच्या स्थापनेपासूनच्या सव्वा वर्षात तोवर जितके शिरच्छेद झाले होते, त्याहून ही संख्या अधिक होती. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांवर एकाच कटाचा आरोप ठेवून त्यांना एकत्र उभे केले जाई.

सेसील रनो हिचे प्रकरण या पद्धतीचे बोलके उदाहरण आहे. कागदविक्रेत्याची ही वीस वर्षांची मुलगी २३ मे १७९४ रोजी क्रांतीचे नेते रॉबेस्पिअर यांच्या निवासस्थानी गेली. झडतीत तिच्याजवळ दोन लहान चाकू सापडले. तिच्यावर हत्येच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. १७ जून रोजी तिला मृत्युदंड देण्यात आला, तेव्हा तिच्यासोबत आणखी ५३ जण होते. त्यांत तिचे वडील, भाऊ आणि आत्या यांचा समावेश होता. एका अभिनेत्रीची अठरा वर्षांची मोलकरीणही त्यांत होती. पितृहत्येच्या अपराध्यांना घालतात तसे लाल सदरे या सर्वांना घालण्यात आले होते.

पिकप्युस : बागेतील दोन खड्डे

आरंभी गिलोटिन पॅरिसच्या मध्यवर्ती चौकात होते. आज तो प्लास द ला काँकॉर्द म्हणून ओळखला जातो. सततच्या रक्तपाताविषयी परिसरातील रहिवाशांनी तक्रारी केल्यामुळे जून १७९४ मध्ये ते शहराच्या पूर्व टोकाला हलवण्यात आले. आजच्या प्लास द ला नास्यों या चौकात १४ जून ते २७ जुलै या काळात १,३०६ जणांचा शिरच्छेद झाला. हे प्रमाण सरासरीने दररोज सुमारे तीस इतके होते.

मृतदेह जवळच्या पिकप्युस येथील एका जप्त केलेल्या मठाच्या बागेत नेण्यात येत. तेथे दोन मोठे खड्डे खणण्यात आले होते. अंगावरील वस्त्रे उतरवून त्यांची यादी केली जाई आणि देह खड्ड्यांत टाकले जात. समाधी, क्रॉस अथवा नावाची पाटी यांपैकी काहीही तेथे नव्हते. देह कोठे पुरले, हे कुटुंबीयांना कळवण्याची पद्धतही नव्हती.

या १,३०६ जणांत १,१०९ पुरुष आणि १९७ स्त्रिया होत्या. पुरुषांपैकी १०८ उमराव, १०८ धर्मोपदेशक व मठवासी, १३६ न्यायालयीन पेशातील, १७८ सैनिक आणि ५७९ सामान्य नागरिक होते. स्त्रियांपैकी ५१ उमराव घराण्यांतील, २३ मठवासी आणि १२३ सामान्य कुटुंबांतील होत्या. म्हणजे या दोन खड्ड्यांत विसावलेल्यांपैकी ७०२ जण, निम्म्याहून अधिक, सामान्य होते.

ही जागा पुढे कशी सापडली, याविषयी एक हकिगत सांगितली जाते. साध्या घरातील एका तरुणीचे वडील आणि भाऊ गिलोटिनला बळी पडले होते. प्रेते नेणाऱ्या गाडीमागे ती पायी चालत गेली आणि तिने ती बाग पाहून ठेवली. पुढे उमराव कुटुंबांतील स्त्रिया आपल्या आप्तांची जागा शोधू लागल्या, तेव्हा ही माहिती त्यांना तिच्याकडूनच मिळाली.

दरम्यान, जर्मन राजकन्या आमालिया हिने खड्ड्यांचा भाग दहशतीनंतर अल्पावधीतच गुप्तपणे विकत घेतला होता. तिचा भाऊ २३ जुलै १७९४ रोजी मारला गेला होता. १८०२ मध्ये सेनानी लाफायेत यांची पत्नी आद्रिएन आणि तिची बहीण मादाम द मोंतागु यांनी वर्गणी उभारून लगतची जमीन घेतली. या दोघींची आजी, आई आणि थोरली बहीण या तिघींचा २२ जुलै रोजी एकाच दिवशी शिरच्छेद झाला होता. तेथील प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर आज संगमरवरी फलक आहेत. त्यांवर सर्व १,३०६ जणांची नावे वय आणि व्यवसायासह कोरलेली आहेत. फलकावर उमरावाचे नाव आणि नोकराचे नाव एकाच आकाराच्या अक्षरांत आहे.

तथापि, लगतच्या दफनभूमीत चिरविश्रांतीचा हक्क मात्र या बळींच्या वंशजांपैकी स्मारक उभारणाऱ्या कुटुंबांपुरताच राहिला. लाफायेत यांना १८३४ मध्ये तेथेच पत्नीशेजारी पुरण्यात आले. त्यांच्या समाधीवर अमेरिकेचा राष्ट्रध्वज फडकतो आणि बहुतेक पर्यटक तीच समाधी पाहण्यास येतात. खड्ड्यांचा भाग लोखंडी फाटकापलीकडे आहे. तेथे हिरवळ आणि काही झाडे एवढेच दृष्टीस पडते.

सोळा भगिनी आणि त्यांचे शेजारी

पिकप्युस येथील सामान्यांपैकी एका गटाची कीर्ती जगभर पोहोचली. काँप्येन गावातील कार्मेल संघाच्या सोळा धर्मभगिनींना १७ जुलै १७९४ रोजी मृत्युदंड देण्यात आला. त्यांत मठासाठी बाहेरची कामे करणाऱ्या दोन सेविका होत्या. त्या सख्ख्या बहिणी होत्या. सर्वांत वृद्ध भगिनी ७८ वर्षांची होती. मठ बंद झाल्यानंतरही एकत्रित धार्मिक जीवन चालू ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. वधस्तंभाकडे जाताना त्या स्तोत्रे गात होत्या आणि एकेकीचा आवाज थांबत गेला, असे वर्णन उपलब्ध आहे. त्यांच्या मठातील एक भगिनी त्या वेळी अन्यत्र असल्याने वाचली. तिने लिहून ठेवलेल्या आठवणी १८३६ मध्ये प्रकाशित झाल्या.

या घटनेवर १९३१ मध्ये जर्मन लेखिका गर्ट्रूड फॉन ले फोर्ट यांनी दीर्घकथा लिहिली. त्याच कथानकावर आधारित फ्रान्सिस पुलांक यांच्या ऑपेराचा पहिला प्रयोग जानेवारी १९५७ मध्ये मिलान येथे झाला. रोमन कॅथलिक चर्चने या भगिनींना १९०६ मध्ये धन्य घोषित केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

त्याच खड्ड्यांत त्यांच्याशेजारी विसावलेल्या शेकडो मजुरांच्या, शिंप्यांच्या आणि नोकरांच्या वाट्याला मात्र संगमरवरावरची एक ओळ आली. त्यांच्यापाशी आठवणी लिहून ठेवणारी संस्था नव्हती आणि जमीन विकत घेण्याइतकी संपत्तीही नव्हती.

न पोहोचलेली पत्रे

अशा माणसांची नावे तरी आज कशी उपलब्ध आहेत? याचे उत्तर काहीसे विचित्र आहे. ज्या यंत्रणेने त्यांचा जीव घेतला, तिनेच त्यांची नोंद ठेवली. न्यायाधिकरणाचे कामकाज वेगाने चाले, परंतु कागदपत्रे तयार होत. नाव, वय, जन्मस्थान, व्यवसाय, पत्ता आणि आरोप इतका तपशील प्रत्येक फाइलमध्ये लिहिला जाई. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत नगरभवनाला आग लागून शहरातील जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या जळाल्या. न्यायाधिकरणाच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात असल्याने त्या वाचल्या. पॅरिसमधील अनेक गरिबांच्या आयुष्याचा लेखी मागोवा त्यामुळे त्यांच्यावरील खटल्याच्या कागदांतच उरला.

या फायलींत आणखी एक ठेवा आहे. मृत्युदंड झालेल्या कैद्यांनी अखेरच्या तासांत घरी लिहिलेली पत्रे सरकारी वकील फूकिए-तँव्हील यांच्या कार्यालयात जमा होत. त्यांतील अनेक पत्रे कुटुंबीयांना देण्यातच आली नाहीत. ती फाइलला जोडली गेली. फ्रेंच इतिहासकार ओलिव्हिए ब्लां यांनी अशा पत्रांचा संग्रह १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. या पत्रांत राजकारण थोडे आणि संसार अधिक आहे. कोणाचे देणे राहिले आहे, मुलांचा सांभाळ कोणी करावा, कोणती वस्तू कोणाला द्यावी, केसांची बट जपून ठेवावी, अशा सूचना त्यांत आढळतात. निरोप देणाऱ्याला तो पोहोचला असे वाटले आणि ज्यांच्यासाठी तो होता, त्यांना तो कधीही मिळाला नाही.

कुटुंबांची हानी येथेच थांबत नसे. मृत्युदंडासोबत मालमत्ता जप्त होई. कारागिराची अवजारे आणि घरातील भांडीकुंडीही सरकारजमा होत. अशी मालमत्ता वारसांना परत करण्याचा निर्णय १७९५ मध्ये झाला. परंतु तोवर बरेच काही विकले गेले होते.

पॅरिसबाहेरील स्मारके

लिआँ हे रेशमी कापडाचे शहर बंडखोरीनंतर ऑक्टोबर १७९३ मध्ये शरण आले. त्यानंतरच्या काही महिन्यांत तेथे सुमारे १,९०० जणांना ठार करण्यात आले. डिसेंबरमध्ये ब्रोतो येथील मैदानावर गटागटाने बांधून उभ्या केलेल्या कैद्यांवर तोफा डागण्यात आल्या. त्या परिसरात पुढे त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिर उभे राहिले. नांत येथे कारिए या प्रतिनिधीच्या आदेशावरून काही हजार कैद्यांना नौकांतून नेऊन ल्वार नदीत बुडवण्यात आले. कारिए यालाही १६ डिसेंबर १७९४ रोजी गिलोटिनवर जावे लागले.

व्हांदे प्रदेशात खटल्याचा देखावाही उरला नाही. २८ फेब्रुवारी १७९४ रोजी ले ल्यूक या गावी सरकारी सैन्याने ग्रामस्थांची कत्तल केली. गावचे धर्मोपदेशक बार्बदेत यांनी मृतांची नावे आणि वये लिहून ठेवली. या यादीत ५६४ नावे आहेत आणि त्यांत सात वर्षांखालील शंभराहून अधिक मुले आहेत. सर्वांचा मृत्यू त्याच दिवशी झाला का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, यादीतील माणसे त्या गावची होती, हे निर्विवाद आहे. १९९३ मध्ये तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा रशियन लेखक अलेक्झांडर सोल्झेनित्सिन उपस्थित होते. व्हांदेतील हत्याकांडास वंशसंहार म्हणावे का, हा वाद १९८० च्या दशकापासून सुरू आहे. बहुसंख्य इतिहासकार ती संज्ञा स्वीकारत नाहीत. बंडखोरांनीही मार्च १७९३ मध्ये माशकूल येथे प्रजासत्ताकाच्या समर्थकांना ठार केले होते, याकडे ते लक्ष वेधतात.

स्मरणाला विलंब का झाला

१८१४ मध्ये राजेशाही परतली, त्यानंतर राजा-राणीचे अवशेष सन्मानपूर्वक सेंट डेनिस येथे हलवण्यात आले. त्यांच्या मूळ दफनस्थानी प्रायश्चित्त-मंदिर बांधण्यात आले. राजेशाहीच्या समर्थकांना हुतात्मा राजा हवा होता. नोटांच्या खटल्यात सापडलेल्या शिंप्याचा त्यांना उपयोग नव्हता. दुसऱ्या बाजूला प्रजासत्ताकाच्या समर्थकांनाही या शिंप्याची आठवण अडचणीची होती. जनतेच्या राज्याने जनतेलाच मारले, हे मान्य करणे त्यांना जड गेले. अशा प्रकारे सामान्य बळी दोन्ही पक्षांच्या कथेबाहेर राहिला.

याला काही सन्माननीय अपवाद होते. लुई-मारी प्रुदोम हे स्वतः क्रांतीच्या बाजूचे पत्रकार होते. त्यांनी १७९६-९७ मध्ये क्रांतिकाळात मृत्युदंड दिल्या गेलेल्यांचा नावनिशीवार कोशच प्रसिद्ध केला. पुढे इतिहासकार आंरी व्हालों यांनी १८८० ते १८८२ या काळात पॅरिसच्या न्यायाधिकरणाचा इतिहास सहा खंडांत लिहिला व त्यात खटल्यांची दिवसवार माहिती दिली. चार्ल्स डिकन्स यांच्या १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीत नायकासोबत एक गरीब शिवणकाम करणारी तरुणी वधस्तंभाकडे जाते. वाचकांना ती लक्षात राहते. तिला नाव मात्र नाही.

नाव, वय, व्यवसाय

भारतीय वाचकाला गिलोटिन हा शब्द दरवर्षी अर्थसंकल्पीय अधिवेशनात ऐकू येतो. लोकसभेत वेळेअभावी अनुदानाच्या उर्वरित मागण्या चर्चेविना एकत्रितपणे मतास टाकल्या जातात, त्या प्रक्रियेस हेच नाव आहे. चर्चेस वाव न देता एकगठ्ठा निकाल, हा त्या शब्दाचा अर्थ संसदीय व्यवहारात निरुपद्रवी झाला आहे. १७९४ च्या उन्हाळ्यात मात्र त्या एकगठ्ठा निकालात माणसे होती.

२७ जुलै १७९४ रोजी रॉबेस्पिअर यांच्याविरुद्ध सभागृहात उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच शिरच्छेद झाला. उठाव सुरू असतानाही त्या दिवशीच्या गाड्या नेहमीप्रमाणे पूर्वेच्या चौकाकडे रवाना झाल्या. त्यांतील कैद्यांना आणखी एक दिवस मिळाला असता, तर बहुधा त्यांचे प्राण वाचले असते. त्यांची नावे पिकप्युसच्या फलकांवर यादीच्या अखेरीस आहेत.

क्रांतीने फ्रान्सला व जगाला काय दिले, याविषयीची चर्चा पुढेही चालू राहील. युद्ध, टंचाई आणि अंतर्गत बंड यांच्या संदर्भाशिवाय दहशतीचा कालखंड समजत नाही, हेही खरे आहे. परंतु कोणतीही कारणमीमांसा त्या फलकांवरील ओळींची जागा घेऊ शकत नाही. न्यायाधिकरणाने ज्यांना प्रजासत्ताकाचे शत्रू या एका सदरात टाकले होते, त्यांना तेथे पुन्हा स्वतःचे नाव, स्वतःचे वय आणि स्वतःचा व्यवसाय मिळाला आहे.